उदमांजरासह राहते घर

मी, साईनाथ बाबुराव पायगुडे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी कारखान्यात टूलरूम फिटर, निवृत्तीनंतर पाखरांच्या मागे हिंडणारा, राहणार वारजे, पुणे, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. हृदयात एक स्प्रिंग बसवली आहे, ती सोडली तर माझे सगळे भाग मूळचेच आहेत. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी डॉक्टरांनी मला वार, महिना आणि मुलांची नावे विचारली. मी त्यांना खिडकीबाहेर कोण ओरडतंय ते विचारले. ते म्हणाले, "कोणीतरी पाइप ठोकतंय." तांबट पक्षी होता. तरी दाखला त्यांनीच मला दिला.

यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी एकदा केले होते. सिंहगडाच्या पायथ्याला स्वर्गीय नर्तक पक्ष्याचा फोटो काढताना ओढ्यात पाय घसरून पडलो, तेव्हा "शकू, आता कॅमेरा तेवढा सांभाळ" असे मी म्हणालो होतो. शकूने कॅमेरा आधीच उचलला होता, मला नंतर उचलले. ते तोंडी मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे.

१. माझा परिवार पुढीलप्रमाणे आहे. पत्नी सौ. शकुंतला, जिला मी आणि उरलेले सगळे वारजे शकू म्हणतो. मुलगी तनुजा, कोथरूडला शाळेत शिकवते. मुलगा ऋषी, आयटीत आहे, वाकडला मोठ्या टॉवरमध्ये राहतो. सून निशा. दोन्ही मुले गुणी आहेत आणि सून त्यांच्याहून गुणी आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे काही ठिकाणी वाचताना तसे वाटणार नाही.

२. अंत्यविधी. मला विद्युतदाहिनीत न्यावे. माझ्यासाठी झाड तोडलेले मला चालणार नाही, आणि तेव्हा मी भांडायला नसेन म्हणून आत्ताच भांडून ठेवतो. दहाव्याला पिंड ठेवण्याचा आग्रह मला अण्णा म्हणणारी भावकी धरणार. धरू द्यावा. मात्र कावळा शिवायला उशीर झाला तर "अण्णांचा जीव कशात तरी अडकलाय" म्हणून पिंडापुढे हात जोडून कोणीही भलतीसलती वचने देऊ नयेत. आधी मान वर करून बघावे. जवळच्या झाडावर घार नाहीतर शिक्रा बसलेला असेल. तो उठला की कावळे येतील. शिवणारा कावळा गावकावळा होता की डोमकावळा, हे ऋषीने नीट बघून तनुजाला सांगावे. मान राखाडी असली तर गावकावळा. बापाच्या दहाव्याला एवढे तरी त्याला यावे.

३. कॅमेरा. माझा चालू कॅमेरा आणि त्यावरची मोठी लेन्स मी माझी सून निशा हिला देतो. ऋषीला वाईट वाटेल. वाटू दे. एका दिवाळीला मी सगळ्यांच्या हातात कॅमेरा देऊन पाहिला होता. ऋषीने स्वतःचा फोटो काढला. निशाने भिंतीवरच्या पालीचा काढला, तोही श्वास रोखून, आणि नंतर विचारले, "बाबा, हिच्या डोळ्यावर फोकस यायला हवा होता ना?" हे कलम मी त्याच दिवशी ठरवले होते. लिहायला आज वेळ मिळाला.

माझा पहिला कॅमेरा, रोल घालायचा, त्याच्या लेन्ससह माझे मित्र इम्तियाज बागवान यांना परत करावा. इम्तियाज बुधवार पेठेतल्या एका बोळात कॅमेरे दुरुस्त करतात. तो कॅमेरा मला त्यांनीच विकला होता, "साईनाथभाऊ, एकदम नव्यासारखा आहे" असे सांगून. नव्यासारखा होता हे खरे, कारण त्याला काहीच येत नव्हते. पुढे त्यांनी तो इतक्या वेळा उघडला की त्यातला एकही स्क्रू आता मूळचा नसावा. दर पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशी यायची, दर पावसाळ्यात इम्तियाज "ही शेवटची, पुन्हा यायची नाही" म्हणायचे, आणि दर पावसाळ्यात त्यांच्या पत्नी सकीनावहिनी मला चहा द्यायच्या. ईदला शीरखुर्म्याची वाटी दुरुस्तीच्या टेबलावरच ठेवलेली असायची, स्क्रूच्या डबीशेजारी. एकदा मी बोलण्याच्या नादात चमचा डबीत घातला. इम्तियाज अजून ती गोष्ट येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात. आता कॅमेराही त्यांच्याकडेच असेल, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवता येईल.

४. हत्यारे. पाने, ड्रिल मशीन, फायली आणि लहान वाइस हे सर्व ऋषीला द्यावे. त्याबरोबर ट्रायपॉडवरचे फिरते डोकेही त्यालाच. हे डोके मी टूलरूममध्ये असताना टाकाऊ बेअरिंगमधून स्वतः बनवले. बाजारात असे मिळते, पण त्याला इतका मऊ फेर नाही. शकू त्याला रहाट म्हणते. उडती घार त्या रहाटाने मी पार डोंगराआड जाईपर्यंत धरून ठेवलेली आहे. ऋषी इंजिनिअर आहे, पण त्याने अजून बोटाला तेल लागलेले पाहिलेले नाही. वर्षातून एकदा तरी बेअरिंगला तेल घालावे आणि घालताना बापाची आठवण काढावी. शिव्या घातल्या तरी हरकत नाही.

५. फोटो. सर्व हार्ड डिस्क तनुजाकडे जाव्यात. तिने शाळेत मुलांना दाखवावेत. दोन सूचना आहेत. घरट्याचा फोटो कुठेही टाकू नये, शाळेच्या ग्रुपवरसुद्धा नाही. आजकाल घरटे दिसले की दुसऱ्या दिवशी तिथे लग्नासारखी माणसे जमतात. दुसरे, ज्या फोटोखाली मी "ओळख पटली नाही" असे लिहिले आहे तिथे माझ्यामागे कोणी हौसेने नाव घालू नये. माहीत नाही असे लिहायला मला बरीच वर्षे लागली. ते खोडू नका.

६. रावसाहेब जगदाळे. हे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष असून तेही पक्ष्यांचे फोटो काढतात. त्यांची लेन्स माझ्या लेन्सच्या दुप्पट लांब आहे, आणि ही गोष्ट ते दुसऱ्या वाक्यात सांगतात. नर्तकाच्या घरट्यासमोरची फांदी आड येत होती म्हणून यांनी ती मोडली. मी समोर उभा होतो. "अहो, एवढीशी तर होती" असे ते म्हणाले. ती एवढीशी फांदी गेली आणि घरट्यावर दुपारचे ऊन आले. त्यानंतर आम्ही दोघे एका जिन्याने जातो, एका मीटिंगला बसतो, पण एका गाडीतून डोंगराला जात नाही. छातीत दुखले त्या दिवशी मला हॉस्पिटलात त्यांनीच नेले हे खरे आहे. वाटेत सिग्नलला काच खाली करून तारेवरच्या कापशी घारीचा फोटो काढला हेही खरे आहे. मला तेव्हा बोलता येत नव्हते, नाहीतर उजेड मागून आहे हे सांगितले असते.

रावसाहेबांना मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये असे वकीलबाई सांगतात. त्यामुळे साक्षीदार म्हणून ते अगदी पात्र आहेत. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असेही त्या म्हणाल्या. रावसाहेब वाचतीलच. रावसाहेब, हॉस्पिटलचे तेवढे मनापासून आभार. फांदीचे नाव काढू नका.

७. बँकेतले जे काही असेल ते, आणि पेन्शनीतून जे मागे पडेल ते, सर्व शकूचे. दागिने तिचेच आहेत, ते मी देणारा कोण.

८. राहते घर. हे कलम मी लाल पेनाने खोडले आहे. वकीलबाई म्हणाल्या, नवीन कागदावर सगळे पुन्हा लिहा. मी नाही म्हणालो. खोडलेले असले तरी वाचता येते, आणि ते का खोडले हे माझ्या मुलांना कळावे अशी माझी इच्छा आहे. मूळ मजकूर असा होता:

"वारजे येथील आमच्या सोसायटीत सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा आहे. बिल्डिंग उभी आहे ती जमीन आमचीच होती. भावकीने ती विकली, आणि मी पगारातून हप्ते भरून तिच्यावरचा थोडा भाग चौथ्या मजल्यावर परत विकत घेतला. या घराच्या मोरीवरच्या पोटमाळ्यात, स्लॅबखालच्या फटीतून येऊन, एक उदमांजर राहते. सदर उदमांजर किंवा त्याची पिल्ले तिथे राहत आहेत तोवर हे घर कोणी विकू नये, भाड्याने देऊ नये, रिडेव्हलपमेंटच्या कागदावर सही करू नये, फट बुजवू नये. आणि सदर प्राण्याच्या देखभालीसाठी माझी पत्नी शकुंतला हिने तहहयात याच घरात राहावे, तिला अन्यत्र नेऊ नये."

एवढे लिहून त्याखाली मी खुलासा लिहिला होता, तोही खोडला आहे. त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

उदमांजराला कोणाच्याही देखभालीची गरज नाही. ते दिवसभर झोपते, अंधार पडला की उंबराची फळे शोधत जाते, आणि आमच्याकडे ढुंकून बघत नाही. मी पोटमाळ्यात आपोआप फोटो काढणारा एक छोटा कॅमेरा बांधला तेव्हा पहिल्या फोटोत नुसते शेपूट आले. मी म्हणालो, बोका आहे. शकू म्हणाली, "न्हाई. बोक्याचं शेपूट अंगाएवढं कुठं असतंय." पुढच्या फोटोत तोंड आले आणि तिचे खरे ठरले. त्याच्या मुताला आंबेमोहोर भात शिजल्यासारखा वास येतो. आमच्या खालच्या मजल्यावर तालिब तांबोळी राहतात. त्यांच्या रुकसानावहिनी एकदा वर येऊन शकूला विचारू लागल्या, "ताई, तुमचा तांदूळ कुठला? जिन्यात काय घमघमाट येतो!" आता तो कशाचा घमघमाट आहे हे शकूला सांगवेना. ती मंडईत जाऊन आंबेमोहोर घेऊन आली आणि निम्मा रुकसानावहिनींना देऊन आली. तेव्हापासून दर महिन्याला देते.

आता मुद्द्याचे. शकूला नाही म्हणता येत नाही. माणसाला तर नाहीच. आमच्याकडे पाणी शुद्ध करायची तीन यंत्रे आहेत, कारण तीन वेगवेगळी पोरे उन्हातान्हाची दारात आली. आमचा मोठा कुकर शेजारच्या आनंदीबाईंकडे आहे, आणि त्यांच्याकडे कधी पाहुणे जेवायला असले तर त्या भाजीसुद्धा शकूकडूनच चिरून नेतात. भिशीतला पहिला नंबर तिचा लागला तरी ती शेवटी पैसे घेते.

फक्त पाखराच्या बाबतीत तिला नाही म्हणायला काही वाटत नाही. तिची आणि पाखरांची ओळख जुनी आहे. नवी नवरी म्हणून इथे आली तेव्हा याच जमिनीत ज्वारी होती, आणि राखणीच्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायचे काम तिच्याकडे होते. ज्याला हाकलायचे त्याची चाल माहीत असावी लागते. त्यामुळे आमची ओळखायची पद्धत अशी पडली, की मी फोटो काढायचा, पुस्तक उघडायचे आणि नाव सांगायचे, आणि तिने हो किंवा नाही म्हणायचे. एकदा खडकवासल्याच्या मागच्या पाण्याला मी चंडोल म्हणालो. ती म्हणाली, "न्हाई. चंडोल शेपूट हलवतो व्हय?" तीरचिमणी होती. मी रागावून दुपारचा डबा खाल्ला नाही. तिने तो माझ्या पिशवीत ठेवला आणि वाटेत बसमध्ये मी खाल्ला.

अशी ही बाई. आणि ऋषीचा तिच्यावर जीव आहे. मला स्प्रिंग बसवल्यापासून त्याचे एकच चालू आहे, "बाबा, प्रॅक्टिकल व्हा ना. उद्या तुम्हाला काही झालं तर आई एकटी कशी मॅनेज करणार? चौथा मजला, लिफ्ट नाही. तो फ्लॅट देऊन टाका, आणि आईची रूम आमच्याकडे रेडीच आहे." त्याच्या मनात खोट नाही. मागच्या वर्षी त्याने आईला आठ दिवसांसाठी म्हणून नेले आणि पावसाळा संपेपर्यंत ठेवून घेतले. खोलीला एसी, बाथरूममध्ये धरायला दांडी, सगळे नीट. मी रोज फोन करायचो. कशी आहेस म्हटले की "बरी हाय" म्हणायची. एकदाच म्हणाली, "बाल्कनीला जाळी हाय. जाळीच्या भाईर कबुतरं. दुसरं काय येत न्हाई हो हितं." तिची सगळी तक्रार एवढीच. मी दुसऱ्या दिवशी बसने गेलो आणि माझ्या गुडघ्याचे निमित्त सांगून तिला घेऊन आलो. घरी आल्यावर तिने खिडकी उघडली, चहा ठेवला आणि खिडकीतच उभी राहिली. चहा उतू गेला तरी तिला कळले नाही.

मी गेल्यावर तिला आणायला कोण जाणार? घर सरळ तिच्या नावावर केले, तर ऋषी एकदा "आई, चल" म्हणेल आणि ही दाखवाल तिथे सही करून पिशवी भरेल. मुलगा प्रेमाने म्हणतोय म्हणजे नाही कसे म्हणायचे, हा तिचा हिशेब. म्हणून मी ही अट घातली. निदान तिला म्हणता येईल, "काय करू रे, तुझ्या बाबांनी तसं लिहून ठेवलंय." म्हातारा मेला तरी तिरसट होता असे सगळे म्हणतील. म्हणू देत. तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून तिच्या वतीने मी नाही म्हणून ठेवत होतो. खुलासा इथे संपला.

कलम आठ का खोडले ते आता लिहितो. सहीच्या आधी सगळे एकदा शकूला वाचून दाखवावे असे मला वाटले. मागच्या रविवारी सकाळी ती पावटे सोलत बसली होती, मी वाचत होतो. कावळ्याच्या कलमाला हसली. रावसाहेबांच्या कलमाला "जाऊ द्या की आता" म्हणाली. कलम आठ आणि त्याचा खुलासा मी भरभर वाचला. माझे मलाच कसेतरी झाले होते. वाचून होईपर्यंत तिने पावटे सोलायचे थांबवले होते.

"ह्ये काढा," ती म्हणाली.

"का? चुकीचं आहे का काही?"

"चुकीचं न्हाई. पन त्या मांजराच्या आडून कशापायी सांगायचं? पाखरू बुजू नये म्हनून आडोसा धरत्यात. पोटच्या पोरासाठी धरत्यात व्हय?"

"मग तू सांगशील त्याला?"

"सांगीन."

मी कागद टेबलावर ठेवला. खरे सांगायचे तर माझा विश्वास बसला नाही. मी म्हणालो, "शकू, तू त्या पाण्याच्या मशीनवाल्याला सांगू शकली नाहीस." तिने पुन्हा पावटे हातात घेतले.

दुपारी ऋषी आणि निशा जेवायला आले. पावट्याची उसळ, भाकरी आणि आंबेमोहोर भात होता, खरा. दुसऱ्या भाकरीला ऋषीने विषय काढलाच. "आई, बाबांचं पुढचं चेकअप झालं की तुम्ही दोघंही शिफ्ट व्हा. आणि पुढे कधी, म्हणजे... ते जाऊ दे. तुझी रूम आहेच. यावेळी तुझं काही ऐकणार नाही मी. चल."

मी ताटाकडे बघत राहिलो. शकू त्याला उसळ वाढत होती. वाढून झाल्यावर तिने पळी भांड्यात ठेवली.

"न्हाई, ऋषी."

"नाही म्हणजे?"

"मी यायची न्हाई. तुझे बाबा असले तरी आन नसले तरी. सणाला येईन. आठ दिस येईन. निशाला कधी गरज लागली तर म्हनशील तितके दिस येईन. पन राहीन हितंच. माझं घर ह्ये हाय."

ऋषी हसला, मग त्याला कळले की आई चेष्टा करत नाही. "अगं, मागच्या वर्षी पावसाळाभर राहिलीस की! तेव्हा तर मजेत होतीस."

"तवाबी घरी यायचं व्हतं मला."

"मग सांगायचं ना आई! मी काय तुला बांधून ठेवलं होतं?"

"तू इचारलंस कुठं? तू राहा म्हनायचास, मी राहायची."

एवढा मोठा टीम लीडर, हाताखाली कितीतरी माणसे, पण पहिलीच्या वर्गात सोडून मी निघालो तेव्हा त्याचे तोंड जसे झाले होते तसेच झाले. निशाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "सॉरी आई." शकू म्हणाली, "सारी काय त्यात. भाकरी घे." मग त्याने खाली बघतच विचारले, "पण एकटीला भीती नाही का वाटणार तुला?" तेव्हा ती म्हणाली, "वर त्ये मांजर हाय, खाली रुकसाना हाय. तू फोन कर की रोज. आन रविवारी येत जा." तो म्हणाला, येईन. तो येईल. शब्दाचा पक्का आहे, त्याला फक्त शब्द द्यायला लावावा लागतो.

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो आणि तिथे उभा राहून रडलो. इतकी वर्षे मी या बाईच्या पुढे उभा राहून तिच्यासाठी दारात आलेल्यांना परतवत आलो, आणि मी नसलो की तिचे काय होईल या काळजीने झोप उडवून घेतली. ती काळजी त्या दिवशी माझ्या छातीवरून उतरली. शकू, तुझ्यामुळे मला इतके बरे वाटले की आता मरायची घाई अजिबात नाही.

वरील मूळ कलम आठ आणि त्याचा खुलासा रद्द. त्याऐवजी नवे कलम आठ असे: राहते घर मी माझी पत्नी शकुंतला हिला संपूर्ण मालकी हक्काने, कोणत्याही अटीशिवाय देत आहे. तिने त्यात राहावे, ते विकावे, दुसऱ्याला द्यावे, तिची मर्जी. उदमांजराने आपले काय ते तिच्याशी बोलून घ्यावे.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तनुजाने करावी. ती शिक्षिका आहे, दोन्ही भावंडांना कान धरून बसवू शकेल, त्यात ती स्वतःही आली. कशावरूनही वाद झाला तर कोणी कोर्टात जाऊ नये. दोघांनी सकाळी उजाडता एकत्र वेताळ टेकडीवर जावे, टेकडी चढून होईपर्यंत बोलू नये, आणि वर पोचल्यावरही वाद शिल्लक असेल तर खुशाल कोर्टात जावे.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले आणि ते माझ्या मनासारखे आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही धाकाने, भिडेने किंवा दबावाने केलेले नाही, नवे कलम आठ सोडून. ते कलम माझ्या पत्नीच्या दबावाने बदलले आहे. वकीलबाई म्हणतात, हे वाक्य काढून टाका, उद्या कोणी कोर्टात बोट ठेवले तर अडचण येईल. मी काढणार नाही. अडचण आली तर शकूला बोलवा. ती सांगेल.

स्थळ: वारजे, पुणे
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४

मृत्युपत्र करणार:
साईनाथ बाबुराव पायगुडे (सही)

साईनाथ पायगुडे यांनी आम्हा दोघांच्या समोर सही केली, आणि आम्ही त्यांच्या समोर केली.

साक्षीदार:
१. रावसाहेब जगदाळे, राहणार वारजे, पुणे (सही)
२. तालिब तांबोळी, राहणार वारजे, पुणे (सही)